खटला भरण्याची विनंती

लंडनच्या हाउन्सलो आणि ईलिंग भागातील मराठी मंडळींत त्या काळी मला ‘अर्जसाहेब’ म्हणत. काहीजण आदराने म्हणत, काहीजण चेष्टेने; मी दोन्ही आदर म्हणूनच स्वीकारीत असे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु तालुका कचेरीच्या भिंतीला लागून असलेल्या टपरीत अर्जनवीस म्हणून मी उमेदीची वर्षे काढली होती, आणि माझ्या हातचा अर्ज वाचताना तहसीलदार चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवीत, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पत्नीला इथल्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली, तिच्यामागून मी आलो. आठवडाभर विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात विमानातील जेवणाचे ट्रे भरायचे आणि शनिवारी आमच्या बाहेरच्या खोलीत लोकांचे अर्ज लिहायचे, असा माझा शिरस्ता होता. कौन्सिलचे घर, शाळेतला प्रवेश, पार्किंगचा दंड, अशी बहुतेक कामे. कायद्याचा सल्ला देण्याचा परवाना माझ्याजवळ नव्हता, म्हणून मी सल्ला देत नसे. फक्त लिहून देत असे. दुसऱ्याचे दुःख नीटनेटक्या शब्दांत मांडायला परवाना लागत नाही, असे माझे मत होते आणि आजही आहे.

इराकवरचे युद्ध सुरू होण्यापूर्वीचा तो फेब्रुवारी होता. एके सकाळी आम्ही कामावर निघालो तर विमानतळाच्या रस्त्यावर चिलखती गाड्या उभ्या. बंदूकधारी सैनिक बसमध्ये डोकावून पाहत होते. त्याच आठवड्यातल्या शनिवारी पत्नीने आत येऊन मला सांगितले, “अहो, दोघीजणी आल्यात. सासू-सुना दिसतात. पार्किंगवाल्या काही वाटत नाहीत हो.”

सून तिशीची असेल. रत्नागिरीकडची, मराठी शाळेत दहावी झालेली; डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. सासू नुकतीच गावाहून आली होती आणि पायांत दोन-दोन मोजे घालूनही कुडकुडत होती. सुनेने नवऱ्याचा फोटो पुढे ठेवला तेव्हा मी ओळखला. आम्ही भरलेले ट्रे विमानापर्यंत नेऊन चढवणारी उंच गाडी तो चालवीत असे. नमस्कारापुरतीच ओळख; पण रोज्यांच्या महिन्यातसुद्धा तो मला म्हणायचा, “भाऊ, तुम्ही खाऊन घ्या, ट्रॉली मी बघतो.” वर्षाहून अधिक काळ तो दिसला नव्हता. कोणी म्हणे नोकरी सोडली, कोणी म्हणे इंडियाला गेला.

“इंडियाला नाही गेले,” ती म्हणाली. “मावसभावाच्या लग्नाला कराचीला गेले होते. आमच्या गावची अर्धी माणसं फाळणीच्या आधीपासून तिथं आहेत. लग्न लागलं, जेवणं झाली. परत येताना बसमधून उतरवलं. बाहेरचा माणूस पकडून दिला की बक्षीस मिळत होतं म्हणे. अमेरिकेच्या सैन्याकडे दिले त्यांना. आता त्या तुरुंगाच्या बेटावर आहेत.”

ते बेट कोणते, हे विचारावे लागले नाही. नारिंगी कपड्यांतली, गुडघ्यांवर बसवलेली माणसे आम्ही सर्वांनीच टीव्हीवर पाहिली होती. पाहून मी चॅनल बदलला होता.

“ते तिथेच आहेत हे तुम्हाला कोणी कळवले?”

“एकजण सुटून पेशावरला आला, त्याचा फोन होता. यांच्या पलीकडच्या पिंजऱ्यात होता तो. म्हणाला, जिवंत आहेत. बारीक झालेत.”

सासूने हात जोडले. “भाऊ, तुमी लिवलंत की सायब ऐकतात, आसं दुकानवाली बोलली. माज्या पोराचा पन लिवा.”

मी कागद पुढे ओढला, आणि माझ्या उभ्या आयुष्यात प्रथमच पहिल्या शब्दाशीच अडखळलो. अर्जाचा पहिला शब्द असतो ‘प्रति’. कोणाप्रति? ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने त्या बाईला आधीच कळवले होते की तिचा नवरा इथे कायमचा रहिवासी असला तरी नागरिक नाही, म्हणून खाते त्याच्या वतीने बोलू शकत नाही. भारतीय पासपोर्टाच्या आधारे तिने आपल्या वकिलातीत विचारले, तर बाबीची नोंद घेतली आहे एवढेच उत्तर मिळाले. कराचीचे नाव ऐकताच खिडकीमागच्या माणसाने पेनचे टोपण लावले, असे ती म्हणाली. अमेरिकेच्या न्यायालयांत दाद मागणाऱ्या काही कैद्यांना, बेट अमेरिकेच्या भूमीबाहेर असल्यामुळे आमचा अधिकार तिथे चालत नाही, असे उत्तर मिळाल्याचे वर्तमानपत्रात आले होते. उरले एकटे अध्यक्ष. ज्यांच्या हुकमाने माणूस धरला, त्यांच्याकडेच त्यांच्या हुकमाविरुद्ध दाद मागायची.

पुढील आठवड्यात मी लायब्ररीत जाऊन, तिथल्या बाईंच्या मदतीने, अमेरिकेच्या संसदेने अध्यक्षांना अधिकार देणारा जो ठराव केला होता तो इंटरनेटवरून छापून घेतला. माझे इंग्रजी कामचलाऊ आहे. परंतु दस्तऐवज कसा वाचावा हे मला कळते. त्या ठरावात म्हटले होते की न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला जबाबदार कोण हे अध्यक्ष ठरवतील आणि त्यांच्याविरुद्ध लागेल ते बळ वापरतील. पुन्हा पुन्हा वाचूनही मला त्यात मुदत सापडली नाही. हद्दही सापडली नाही. मला आमच्याकडचे कुलमुखत्यारपत्र आठवले. घरात चोरी झाली, माणसे घाबरली, की थोरल्या भावाला सगळे अंगठे उठवून देतात, की बाबा, आता तूच बघ. असे दस्त मी कितीतरी लिहिले. पण गट नंबर आणि मुदत घातल्याशिवाय एकही हातावेगळा केला नाही, पक्षकार कितीही घाईत असो. कारण मुदत न घातलेल्या मुखत्यारपत्रावर थोरल्याने धाकट्याची जमीन विकलेली मी पाहिली होती, आणि तो थोरला काही वाईट माणूस नव्हता. त्याला विचारणारा कोणी उरला नव्हता, इतकेच. इथे तर एका देशाने दुसऱ्या देशांतल्या माणसांचेही मुखत्यारपत्र देऊन टाकले होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या गाडीवाल्याचे नाव त्या ठरावात कुठेच नव्हते, आणि तरीही तो त्यात होता.

मी अर्ज अध्यक्षांच्याच नावे लिहिला. तो चांगला उतरला होता, हे मला सांगितलेच पाहिजे. वृद्ध माता, तरुण पत्नी, निष्कलंक सेवा, सर्व यथास्थित आले होते. शेवटी माझ्या परंपरेप्रमाणे मी लिहिले होते, की अर्जदाराच्या पतीकडून कळत-नकळत जो काही अपराध घडला असेल तो उदार मनाने पोटात घालून त्यास क्षमा करावी. या वाक्याशिवाय मी कधी अर्ज संपवला नव्हता. साहेबाला क्षमा करण्याची संधी द्यावी लागते. क्षमा करताना माणूस मोठा होतो, आणि मोठे व्हायला कोणाला आवडत नाही?

शनिवारी मी त्या दोघींना तो मराठीत वाचून दाखवला. सासू पदराने डोळे पुसत होती. सून शेवटच्या वाक्याला म्हणाली, “हे काढा.”

“हे काढता येणार नाही, ताई. हा अर्जाचा प्राण आहे.”

“त्यांनी काय केलंय, ते क्षमा मागतील?”

“काहीच केलेले नाही, हे मी वर लिहिलेच आहे. ही केवळ रीत आहे.”

“भाऊ, तो पेशावरचा माणूस काय म्हणाला, ते मी तुम्हाला सगळं सांगितलं नाही.” तिने सासूकडे पाहिले, आणि मग न थांबता बोलत सुटली. “रोज विचारतात त्यांना तिथं. झोपू देत नाहीत. म्हणतात, मी त्यांच्यातला होतो असं लिहून सही कर, मग तुला घोंगडी मिळेल, घरी पत्र लिहायला मिळेल. ते सही करत नाहीत. तिथं ते करत नाहीत, आणि इथं गरम खोलीत बसून मी त्यांच्या वतीनं करू?”

“सही कर म्हंतात तर कर की बाबा!” सासू एकदम ओरडली. “काय इगडतंय? माफी मागून कोनाची जीभ झडली हाय? मी मागते. माजा आंगठा घ्या, भाऊ. मीच त्याला जन्म दिला, माजीच चूक!”

“अम्मा, गप्प बसा.”

“का गप बसू? तुला नवरा दुसरा मिळंल, मला पोरगा दुसरा मिळनार नाय!”

चहा घेऊन आलेली माझी पत्नी दारातच थांबली. सून पांढरीफटक पडली होती.  तिने माझ्याकडे पाहून शांतपणे सांगितले, “लिहा. माझ्या नवऱ्यावर खटला भरा.”

मला वाटले, तिचे भान सुटले आहे. “खटला?”

“हो. काय केलं ते सांगा, पुरावा दाखवा, जजसमोर उभं करा. गुन्हा ठरला तर फाशी द्या. पण आधी खटला भरा.”

खटला काढून घ्यावा म्हणून मी शेकडो अर्ज लिहिले होते. स्वतःच्या माणसावर खटला भरावा अशी विनंती करणारा अर्ज मी लिहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. मी तिला तसे सांगितले, आणि थोड्या ताठ्यात हेही सांगितले की माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचा असा अवमान करायचा असेल तर तिने दुसरा लेखक शोधावा. पत्नीने चहाचा ट्रे टेबलावर आपटला.

“कोण दुसरा लेखक? हाउन्सलोत रांग लागली आहे का? रुग्णाला काय झालंय हे न सांगता कोंडून ठेवलं, तर आमच्याकडे मोर्चा येईल. ती तेवढंच म्हणतेय. लिहा की.”

मी लिहिले. क्षमा काढली. ‘विषय’ या शब्दापुढे ‘खटला भरण्याची विनंती’ असे लिहिले. आईचा अंगठाही हवा होता, कारण अर्जदार दोघी होत्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. सून तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि तिचे पाय दाबू लागली. कितीतरी वेळ दाबत राहिली. शेवटी म्हातारीने न बघता अंगठा पुढे केला.

अर्जाला वजन यावे म्हणून शेवटी प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या घेण्याची आमची पद्धत. रविवारी ईलिंगला मराठी मंडळाची बैठक होती. तिथले एक ज्येष्ठ डॉक्टर मला वाचायला-लिहायला लागेल ती मदत नेहमी करीत. माझ्या मुलीचे हाड मोडले तेव्हा स्वतः गाडीने आले होते. त्यांना मी बाजूला घेऊन अर्ज दाखवला. त्यांनी तो संपूर्ण वाचला.

“अर्जसाहेब, इंग्लिश सुधारलं हं तुमचं. पण हे काय घेऊन बसलात?”

“साहेब, फक्त खटला भरा एवढीच मागणी आहे.”

“ते दिसतंय मला. अहो, पण तुम्ही यांना किती ओळखता? कराचीत काय करत होता तो? लग्न? सगळे लग्नालाच गेलेले असतात.”

“असेलही गुन्हेगार. म्हणूनच तर कोर्टात न्या म्हणतो.”

“बघा, न्यूयॉर्कला माझा भाचा होता त्या दिवशी. जिवंत आहे, पण अजून लिफ्टमध्ये चढत नाही. युद्ध आहे हे. युद्धात कैद्याला वकील देतात का कोणी?”

“युद्ध असेल तर ते संपायला हवे ना साहेब? कोणी शरण यावे, तह व्हावा. हे कोणाशी आहे आणि कोण सांगणार संपले म्हणून?”

त्यांनी अर्जाची घडी केली आणि माझ्या कोटाच्या खिशात स्वतः ठेवली. “तुमच्या बायकोची नोकरी आहे. मुलगी कॉलेजला जाईल उद्या. यावर सही करणाऱ्याचं नाव कुठल्या कॉम्प्युटरमध्ये जाईल, तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही. आणि मला जाणून घ्यायचंही नाही. पोहे घेतलेत का?”

ते भित्रे नव्हते, दुष्ट तर नव्हतेच. गाडीवाल्याला धरणारे हात किती लांब आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे ते सर्वांपर्यंत पोहोचत होते. त्या दिवशी मला एकही सही मिळाली नाही. घरी येऊन मी प्रतिष्ठित नागरिक म्हणून स्वतःचे नाव लिहिले, त्याखाली पत्नीने न सांगता आपले लिहिले, आणि आम्ही तो अर्ज रजिस्टर पोस्टाने धाडला.

उत्तर पानगळीच्या दिवसांत आले. त्यात वृद्ध मातेचा उल्लेख नव्हता, तरुण पत्नीचा नव्हता. युद्ध चालू असेपर्यंत शत्रूपक्षाच्या माणसाला अटकेत ठेवण्यासाठी आरोप ठेवण्याची आवश्यकता नाही, आणि शत्रूपक्षाचा कोण हे ठरवण्याचा अधिकार युद्धकाळात अध्यक्षांचा आहे, असा त्याचा आशय होता. मी ते सुनेला वाचून दाखवले. तिने फक्त एवढेच विचारले, “म्हणजे त्यांनी काही केलंय असंही ते म्हणत नाहीत?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “मग हे नेमकं कुठल्या गोष्टीला नाही म्हणतील, भाऊ? रात्रभर उभं करून विचारतात तेव्हा कशाला नाही म्हणतील?”  

दरम्यान सासूच्या व्हिसाची मुदत संपत आली. मुलगा येईपर्यंत मी हलणार नाही, असे तिने जाहीर केले होते. मुदतवाढीचा अर्ज मी लिहिला. तो नामंजूर झाला. त्यावर अपील करता येत होते. कायदा केंद्रातल्या एक वकीलबाई उभ्या राहायला तयार झाल्या, आणि म्हातारीची कैफियत माझ्याकडून लिहून घेतली गेली. विमानतळाच्या बाजूला, गोदामांच्या ओळीत, ते अपिलाचे कोर्ट होते. आम्ही तिघे बसने गेलो. म्हातारीने ठेवणीतले लुगडे नेसले होते आणि वर सुनेचा जाड कोट.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी दुभाष्यामार्फत म्हातारीला आधी विचारले, थंडी वाजते का, पाणी हवे का. सरकारी बाजूच्या तरुणाने सांगितले की मुलाच्या परत येण्याची काहीच तारीख नसल्यामुळे ही मुदतवाढ अनिश्चित काळाची ठरते. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारले की ही तारीख अर्जदाराने द्यावी अशी तुमची अपेक्षा आहे काय. त्याने फाइल मिटली. मग त्या बराच वेळ वाचत राहिल्या. निकाल लेखी मिळेल, पण आजीबाईंनी काळजी करीत घरी जाऊ नये म्हणून सांगते, असे म्हणून त्यांनी अपील मंजूर केले.

बाहेर आल्यावर वकीलबाई हसून निघून गेल्या. म्हातारी बाकावर बसली. दुभाष्याने सांगितलेले तिला उशिरा उमगले असावे, ती माझी बाही धरून म्हणाली, “भाऊ, ही बाय चांगली हाय. सरकारला पन बोलली. माज्या पोराचा पन हिच्यासमोरच घाला.”

“अम्मा, ते त्यांच्या हातात नाही,” सून म्हणाली.

“मग कोनाच्या हातात हाय?”

“अध्यक्षांच्या.”

“तर मग त्याला आना ना हिच्यासमोर.”

“अम्मा, चला. बस जाईल.”

म्हातारी उठेना. सुनेने कोपराला धरले, तिने हात सोडवून घेतला. येणारे-जाणारे पाहू लागले. आणि सुनेच्या, त्या एवढ्या ताठ बाईच्या, चेहऱ्यावर मला दिसले की तीही माझ्याकडे पाहते आहे. जणू एखाद्या खिडकीशी विचारायचे राहून गेले असेल. मला सगळे ठाऊक होते. तरीही मी कोटाची बटणे लावली, केस सारखे केले आणि कारकुनाच्या खिडकीपाशी गेलो. माझ्या इंग्रजीत मी त्याला सर्व सांगितले: माणूस कोण, कुठे आहे, कोणाच्या हुकमाने. तो चांगला मुलगा होता. त्याने मध्ये थांबवले नाही. शेवटी म्हणाला की सर, हे इथे येईल असे वाटत नाही. पण कुठेही अपील करायचे तर आधी ज्या निर्णयाविरुद्ध करायचे त्या निर्णयाची प्रत लागते. ती आहे का तुमच्याकडे?

मी परत आलो.

“काय म्हनला?” म्हातारीने विचारले.

“निर्णयाची प्रत मागतात.”

“मग द्या ना, भाऊ.”